दूध कमी पडतंय का जास्तच जोरात येतंय? सात आठवड्यांची मुलगी, संध्याकाळी नुसती किंचाळते

मानेवाड्याची आई

नमस्कार. इथे बरेच दिवसांपासून नुसतं वाचून राहिली होती, आज लिहायची वेळ आली. मुलगी सात आठवड्यांची आहे, सिझर झालं, अंगावरचंच दूध देते, वरचं अजून काही नाही. तर होतं असं की पहाटे आणि सकाळी तिला घेतलं की पहिली दोन-तीन मिनिटं गटागटा गिळते, मग ठसका, मग तोंड सोडून रडणं, आणि तोंड सोडलं की दूध थेट तिच्या डोळ्यात नाकात उडतं. परत लावलं की परत तेच. आणि संध्याकाळी याच्या बरोबर उलटं. सहा वाजले की सारखं तोंडात हवं, दोन घोट ओढते, सोडते, पाठ कडक करते, मुठी आवळते, किंचाळते, बाजू बदलली की मिनिटभर शांत आणि परत सुरू, हे नऊ-साडेनऊपर्यंत चालतं. त्या वेळी छाती एकदम मऊ असते, भरल्यासारखं काही वाटतच नाही.

आधी नुसता तिच्या रडण्याचा आवाज आला तरी गाऊन ओला व्हायचा, आता ते गळणंही बंद झालं. परवा रात्री पंप लावून पाहिला तर दोन्हीकडचं मिळून ३० मिलीच्या रेघेला पण नाही पोचलं. तेवढं पाहिलं आणि घरात सुरू झालंच. सासूबाई म्हणून राहिल्या दूध आटलं, पोरगी उपाशी राहते, गाईचं दूध पाणी टाकून दे, आमची सगळी त्याच्यावरच मोठी झाली. नणंद म्हणते पावडर आण. मालिशवाली म्हणते तुमचं दूध पातळ आहे. ह्यांना विचारलं की ह्यांना नेमकं कूलरमध्ये पाणी भरायचं आठवतं.

शी पण दोन दिवसांपासून हिरवट फेसाळ करते. मला आता खरंच कळत नाहीये दूध कमी आहे का जास्त, एकाच दिवशी दोन्ही कसं असेल? कोणाला असं झालं असेल तर सांगा प्लीज.

प्रतापनगर२७

वजन सांग आधी. जन्माचं किती, डिस्चार्जच्या वेळी किती, आत्ता किती. आणि चोवीस तासात शू किती वेळा. बाकी गप्पा मग. आणि तो पंप कपाटात ठेव बाई, पंपाला काय कळतं.

जुनी सिस्टर

माझं आयुष्य बाळंतिणींच्या वॉर्डात गेलं, डॉक्टर नाही मी, पण हा प्रश्न आमच्याकडे रोजचा होता. बेटा, दोन गोष्टी आधी डोक्यात वेगळ्या कर. दूध किती बनतं ही एक आणि दूध किती जोरात येतं ही दुसरी. नागपुरात राहतेस नं, टाकी भरलेली असते तरी नळाला एका वेळी प्रेशर असतं आणि एका वेळी नसतं, तसं आहे हे. घरातले सगळे तुझ्या नळाकडे बघून टाकीचा हिशोब करून राहिले.

दूध बनवायला प्रोलॅक्टिन नावाचं हार्मोन लागतं, ते रात्री जास्त असतं, म्हणून पहाटे छाती दाटून येते. पान्हा फुटतो तो ऑक्सिटोसिनमुळे. बाळ ओढायला लागलं की (किंवा नुसतं रडलं तरी) ते सुटतं आणि आतल्या दूध बनवणाऱ्या ग्रंथींभोवतीचे बारीक स्नायू आवळून दूध पुढे ढकलतात. एकदा पाजताना असा पान्हा एकदाच नाही, दोन-तीन-चार वेळा फुटतो, पण बहुतेक बायांना पहिलाच जाणवतो, कोणाकोणाला तर एकही जाणवत नाही आणि त्या समजतात दूधच नाही. आता पहाटे भरलेल्या छातीत पहिला पान्हा फुटतो तेव्हा दूध इतकं जोरात येतं की इवल्याशा घशाला ते सांभाळत नाही. ठसका त्याचा. ती दूध नको म्हणत नाही, तिला श्वास घ्यायचा असतो.

संध्याकाळी छाती तेवढी भरलेली नसते, पान्हा फुटायला वेळ लागतो, धार बारीक असते. सकाळच्या जोराची सवय झालेल्या पोरीला राग येतो. पण त्या वेळच्या दुधात साय जास्त असते, कारण छाती जितकी रिकामी होत जाते तितकं दूध घट्ट होत जातं. मालिशवालीला सांग, पातळ दूध आणि घट्ट दूध अशी दोन वेगळी दुधं नसतात, एकच दूध पिता पिता बदलत जातं. आणि या वयात संध्याकाळी तासन् तास चिकटून राहणं हे जवळजवळ सगळ्याच बाळांचं असतं, थोडं थोडं सतत पितात आणि मग रात्रीची मोठी झोप काढतात.

छाती मऊ होणं, गळणं थांबणं हे सहा आठवड्यांच्या आसपास होतंच. सुरुवातीला हार्मोन भरमसाठ दूध बनवतात, किती लागतं ते शरीराला माहीत नसतं. मग शरीर शिकतं की ही पोरगी रोज इतकं पिते, आणि तेवढंच बनवतं. मऊ म्हणजे आटलं नाही.

आता जे करायचं ते. मागे रेलून बस, उशा लाव, पूर्ण आडवं नाही, अर्धवट, आणि तिला पोटावर छातीवर पालथी घेऊन पाज, म्हणजे दूध वर चढून तिच्या तोंडात जातं आणि ती सांभाळू शकते. सिझरच्या टाक्यांवर तिचे पाय येत असतील तर तिला तिरपी घे. पहिला जोर आला आणि ती सुटली तर घाबरायचं नाही, सुती रुमाल धर, जोर ओसरू दे, मग परत लाव. कुशीवर झोपून पाजलं तरी जादाचं दूध तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून गळून जातं, खाली दुपटं टाक. मधे एकदा ढेकर काढ. आणि ती खूप भुकेजून रडायच्या आधीच घे, भुकेली असली की आणखी जोरात ओढते. फक्त पाजण्याआधी पंप लावून दूध काढून टाकायचं नाही, जितकं जास्त काढशील तितकं शरीर जास्त बनवेल आणि हा जोर आणखी वाढेल.

हिरवी फेसाळ शी बहुतेक एकदम भरभर दूध गेल्याने असते. त्यात रक्त दिसलं, शेंबडासारखं पडलं किंवा ताप आला तर मात्र थांबायचं नाही, डॉक्टर.

इतवारी आजी

सुनेच्या वेळी आम्ही अळिवाची खीर, डिंकाचे लाडू, मेथी, जेवल्यावर बाळंतशेपा सगळं दिलं, दूध भरपूर आलं. तुझ्या सासूबाई वाईट नाहीत बरं का, काळजी वाटते म्हणून म्हणतात. पण मले एक सांगा, हे मे महिन्याचं ऊन, पंचेचाळीसच्या वर जाऊन राहिलं, लेकराच्या घशाला कोरड पडत नसंल का? दोन चमचे उकळून थंड केलेलं पाणी द्यायला काय हरकत आहे बाप्पा, आम्ही दिलं.

जुनी सिस्टर

आजी, सहा महिने पूर्ण होईपर्यंत पाण्याचा थेंब नाही, नागपूरच्या मे महिन्यातही नाही. आईच्या दुधात शंभरातले सत्त्याऐंशी-अठ्ठ्याऐंशी भाग पाणीच असतं. ऊन आहे तर पाजण्याच्या वेळा वाढवायच्या, बाळ पहिल्या जोराचं पातळ दूध पिऊन तहान भागवतं. पाण्याने पोट भरलं की दूध कमी पितं, वजन थांबतं, आणि जंतू जातात ते वेगळंच. पाणी आईला द्या, तहान लागेल तेवढं. उगाच तांब्यावर तांबे पाजले म्हणून दूध वाढत नाही तेही सांगते. कूलरची हवा सरळ बाळावर नको, बाकी खोली थंड ठेवा.

गाईचं दूध वर्षाच्या आत नाही. त्यात लोह कमी आणि मीठ-प्रथिनं बाळाच्या किडनीला जड होतील इतकी. पाणी टाकलं की वरून ताकदही कमी.

लाडू खाऊ द्या, छान आहेत, बाळंतिणीला ताकद लागतेच आणि अळिवात लोह चांगलं असतं. फक्त लाडू खाऊन पाजणं कमी केलं तर दूध वाढणार नाही. मेथीने कोणाकोणाचं पोट बिघडतं, आणि शुगर किंवा थायरॉइडच्या गोळ्या सुरू असतील तर डॉक्टरला विचारून खायची.

त्रिमूर्तीनगरची

सिस्टरचं टाकीचं उदाहरण मला आवडलं पण अर्धंच बरोबर आहे, रागवू नका हं. टाकी रिकामी झाली की संपलं. इथे पोर पीत असतानाच मागून भरत असतं, आणि जितकी रिकामी तितक्या वेगाने भरते, भरलेली राहिली की बनणं मंदावतं. म्हणून संध्याकाळी मऊ छाती पाहून 'आता नाहीये, थोडं साचू दे मग पाजते' असं केलं तर उलटंच होईल.

मी दोन्ही लेकरांच्या वेळी या जास्त जोराच्या दुधातून गेलेली आहे. मला ब्लॉक फीडिंगने फरक पडला. म्हणजे तीन-चार तास एकाच बाजूने पाजायचं, कितीही वेळा मागितलं तरी तीच बाजू, मग पुढचे तीन-चार तास दुसरी. शी पिवळी झाली, ठसका कमी झाला. तू आजपासूनच सुरू कर.

जुनी सिस्टर

टाकीचं मान्य. पण आजपासून ब्लॉक फीडिंग नको, हात जोडून सांगते. ते दूध कमी करायचं औषध आहे. वजन धडाधड वाढत असेल, छाती सारखी दगडासारखी होत असेल, तेव्हा आणि तेही कोणाच्या देखरेखीखाली थोडे दिवस. इकडे तर बाईने अजून वजनही सांगितलं नाही. आणि बाजू खूप वेळ भरलेली राहिली तर गाठ होते, लाल होते, थंडी वाजून ताप येतो. तसं झालं तर जोरजोरात चोळायचं नाही, मालिशवालीला तिथे हातही लावू द्यायचा नाही. थंड शेक द्यायचा, बाळाला नेहमीसारखं पाजत राहायचं, आणि चोवीस तासात कमी नाही झालं तर दवाखाना. आधी गरम शेक देऊन रगडून काढायला सांगायचे, आता सल्ला बदलला आहे.

मिहान शिफ्ट

पंपाबद्दल. ऑस्ट्रेलियातला एक अभ्यास २००६ मध्ये छापून आला होता, एक ते सहा महिन्यांच्या बाळांच्या आयांचं चोवीस तासाचं दूध मोजलं. सगळी बाळं व्यवस्थित वाढणारी. तरी कोणाचं दिवसाचं ४७८ ग्रॅम तर कोणाचं १३५६, सरासरी ७८८. दिवसात पाजण्याच्या वेळा कोणाच्या ६ तर कोणाच्या १८. आणि बाळं प्रत्येक वेळी उपलब्ध दुधाच्या सरासरी ६७ टक्केच पितात, पूर्ण रिकामी कधीतरीच करतात. एका छातीत किती साठतं हे पण प्रत्येकीचं वेगळं, डावी-उजवीचं पण वेगळं. कमी साठत असेल तर बाळ जास्त वेळा पिणार, एवढंच. दिवसभर पाजून झाल्यावर रात्री पंप लावला आणि २५-३० मिली आलं तर ते उरलेलं दूध आहे. त्यात पंपाच्या फनेलचा साइज चुकला असेल तर आणखी कमी. आणि सासूबाई शेजारी उभ्या राहून बाटलीकडे बघत असतील तर पान्हा फुटणारच नाही, टेन्शन आणि दुखणं याने ऑक्सिटोसिन अडतं, तेवढ्यापुरतं.

मी ड्युटीवर गेल्यापासून पंपावर आहे, दूध काढलं की लगेच फ्रीजमध्ये. चार तास बाहेर चालतं असं जे सगळीकडे लिहिलेलं असतं ते २५ डिग्रीपर्यंतच्या खोलीसाठी, आपल्याकडे आत्ता माठातलं पाणी तरी तेवढं असतं का? फ्रीजमध्ये चार दिवस चालतं, मागच्या कप्प्यात ठेवायचं, दारात नाही.

बाप माणूस नागपूर

मी बाप आहे, लिहू का नको विचार करत होतो. आमच्याकडे पण संध्याकाळचा हाच तमाशा होता. तेव्हा बायको पाजून झालं की मी पोराला खांद्यावर टाकून गच्चीवर नाही तर कॉलनीत चक्कर मारायचो, तेवढ्यात ती जेवून घ्यायची, परत रडला की परत तिच्याकडे. किंचाळणं सगळंच भुकेचं नसतं, दिवसभराचा थकवा पण असतो लेकरांना. ताई, तुमच्या ह्यांना हे वाचायला द्या, कूलर भरून झाला असेल एव्हाना.

बाकी पावडरचा विषय निघालाच आहे तर, आमच्या ओळखीच्या एकाला दुकानदाराने न मागता डबा दाखवायला सुरुवात केली होती. १९९२ च्या कायद्याने बाळाच्या पावडरची जाहिरात आणि सॅम्पल वाटणं बंद आहे, २००३ मध्ये तो आणखी कडक झाला, दोन वर्षांपर्यंतच्या बाळाचा सगळा बेबीफूड त्यात आला. ज्याला गरज आहे त्याने डॉक्टरच्या सांगण्यावरून जरूर घ्यावी, दुकानदाराच्या सांगण्यावरून नाही.

मानेवाड्याची आई

बापरे किती जणांनी लिहिलं, थँक्यू. कार्ड शोधलं. जन्माचं २.९, घरी आलो तेव्हा चौथ्या दिवशी २.७, दीड महिन्याच्या लसीला ४.१ भरली. शू मोजली काल, लंगोट मोजायला सोपे, आठ झाले, रात्रीचा डायपर वेगळा. रंग पाण्यासारखाच.

आणि आज पहाटे रेलून पाजून पाहिलं. पहिल्यांदा तिला काही समजेना, डोकं आपटत बसली माझ्यावर, मग धरलं. एकदा खोकली, पण स्वतःच थांबली, नाकाने श्वास घेतला आणि परत सुरू केलं, रडली नाही. संध्याकाळचं अजून तसंच आहे.

एक विचारायचं होतं, डॉक्टरीणबाईंनी पाळणा लांबवायच्या गोळ्या देऊ का म्हणून विचारलंय. त्याने दुधाला काही होतं का?

प्रतापनगर२७

चौथ्या दिवसापासून ४.१ पर्यंत म्हणजे रोजचे तीस-पस्तीस ग्रॅम झाले गं! पहिले तीन महिने रोजचे वीस ते तीस ग्रॅम वाढले तरी चांगलं म्हणतात. ते कार्ड सासूबाईंच्या हातात दे आणि गरम चहा पी.

जुनी सिस्टर

छान वजन आहे. पाचव्या दिवसानंतर चोवीस तासात सहा लंगोट भरले तरी पुष्कळ, तुझे आठ. दूध कमी हा विषय बंद. ब्लॉक फीडिंगचीही गरज नाही, नुसत्या रेलून पाजण्याने निभेल, तीन महिन्यांपर्यंत ती मोठी होते, घसा सांभाळायला शिकते आणि तुझा जोरही बसतो. संध्याकाळी धार बारीक वाटली तर ती ओढत असताना छाती हाताने हलकी दाबून धर, सोड, परत दाब. बाजू हवी तितक्या वेळा बदल.

गोळ्यांचं विचारलंस ते बरं केलंस. इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी दूध कमी होऊ शकतं, त्या आत्ता नको, इस्ट्रोजेन नसलेल्या येतात किंवा तांबी आहे, डॉक्टरीणबाईंना अंगावर पाजते म्हणून स्पष्ट सांग. सर्दीच्या गोळ्यांचंही तसंच, नाक मोकळं करणाऱ्या काही गोळ्यांत स्युडोएफेड्रिन असतं, त्यानेही दूध उतरतं. मेडिकलवाल्याकडून अशीच गोळी आणायची नाही.

कामठी रोड

मी पण विचारते, माझा तीन आठवड्यांचा आहे. याच्या उलट, अजिबात त्रास नाही देत, खूप शांत, पाच-पाच तास झोपतो, छातीला लावला की दोन मिनिटात डोळे मिटतो. आशाताई काल एकविसाव्या दिवसाच्या भेटीला येऊन गेल्या, वजन २.८ भरलं, जन्माचं ३ होतं. शू दिवसात तीनदा होते, जरा पिवळी. म्हणजे माझं दूध बरोबर आहे नं? माझी छाती तर भरलेली वाटते.

जुनी सिस्टर

नाही बेटा, हे इथे बोलून निभणारं नाही, आजच दाखव. पहिल्या आठवड्यात वजन थोडं उतरतं पण दहा-चौदा दिवसांत जन्माइतकं परत यायला पाहिजे, तुझं तीन आठवड्यांनी पण खाली आहे आणि शू कमी आहे. रडत नाही म्हणजे पोट भरलं असं समजू नकोस, अंगात जोर नसला की लेकरं अशीच झोपतात. उठवून, कपडे काढून, तळपाय चोळून दर दोन तासांनी पाज, रात्रीही. निघायच्या आधी हाताने दूध काढून वाटी-चमच्याने पाजता आलं तर पाज.

तुमचे बाळाचे डॉक्टर असतील तर तिकडे, नाहीतर डागा, मेयो, मेडिकल यातला जो सरकारी दवाखाना जवळ पडेल तिथे. सोबत लसीचं कार्ड आणि तुझा डिस्चार्ज पेपर ने. बाळाची पकड आणि जिभेखालचा पडदा तपासायला सांग, आणि तुझं हिमोग्लोबिन, थायरॉइड, रक्तस्राव अजून जास्त जातो का हेही सांग, वारेचा तुकडा आत राहिला तरी दूध नीट उतरत नाही. थोडे दिवस वरचं दूध द्यायला सांगितलं तर दे, लाज नाही वाटायची, फक्त सोबत अंगावर लावणं आणि काढणं सुरू ठेव.

कामठी रोड

ह्यांना ऑफिसातून बोलावलं. मेयोला निघतोय.